ट्रान्झिस्टर ते मोबाइल: खिशातल्या गाण्यांबद्दल आमच्या काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका गल्लीत वडिलांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आता तिथे मी बसतो. ट्रान्झिस्टर, टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र), वॉकमन, सीडी प्लेअर दुरुस्त करणं आणि जुन्या कॅसेटमधला आवाज पेनड्राइव्हवर काढून देणं, ही आमची कामं. गिऱ्हाइकांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, पण काउंटरवर गर्दी असली की उत्तर अर्ध्यावर तुटतं. म्हणून सगळी उत्तरं इथे निवांतपणे लिहिली आहेत.

खिशात मावणारं पहिलं यंत्र वॉकमनच ना?

नाही, ट्रान्झिस्टर. त्याच्या आधीचे रेडिओ व्हॉल्व्हचे. काचेचे ते दिवे तापायला मिनिटभर लागायचं, वीजही भरपूर लागायची, त्यामुळे रेडिओ फळीवरून हलत नसे. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा, म्हणजे व्हॉल्व्हचंच काम थोड्या विजेवर करणाऱ्या छोट्या भागाचा, शोध लागला आणि १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर-वन’ नावाचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. आत जेमतेम चार ट्रान्झिस्टर, किंमत ४९.९५ डॉलर. पुढच्याच वर्षी जपानमधून सोनीचा आला.

आपल्याकडे हा रेडिओ आला आणि त्याच्या आतल्या भागाचं नाव अख्ख्या यंत्राला पडलं. आजही आजोबा मंडळी ‘माझा ट्रान्झिस्टर’ म्हणतात. वडील सांगायचे, तेव्हा रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकावर तिकीट लावून घ्यावं लागायचं. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या सेटच्या चामडी कव्हरात मला तसं पुस्तक सापडलं होतं. ते मालकाला परत दिलं, तर त्यांनी ते उघडून प्रत्येक वर्षाचं तिकीट बोटाने मोजलं.

ट्रान्झिस्टरने गाणं घराबाहेर काढलं. विड्या वळताना शेजारी, चहाच्या टपरीवर, शेतात बांधावर. पण कोणतं गाणं लागणार हे आकाशवाणी ठरवायची, आपण नाही. पुढच्या पन्नास-साठ वर्षांची सगळी धडपड ही निवड आपल्या हातात आणण्यासाठी होती.

ट्रान्झिस्टर आडवा-उभा फिरवला की आवाज सुधारतो. सेट खराब आहे का?

अजिबात नाही. मीडियम वेव्हसाठी सेटच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तीच अँटेना. कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी असली की लहरी नीट पकडते, तिचं टोक त्या दिशेला वळलं की आवाज बसतो. म्हणून सेट फिरवायचा, वरची दांडी ओढून मीडियम वेव्हला काही फरक पडत नाही. ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी.

कॅसेट कोणी काढली?

फिलिप्सने, १९६३ साली, बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात. बेल्जियममधल्या हासेल्ट इथल्या कारखान्यात लू ऑटन्स या डच इंजिनिअरच्या हाताखाली हे काम झालं. त्यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला. कोटाच्या खिशात तो मावतो, म्हणजे यंत्र याच्यापेक्षा मोठं होता कामा नये, हे ठरवलं आणि मग आतली रचना आखली. पुढे गाडीचं चाक बदलताना जॅकखाली टेकू द्यायला तो ठोकळा वापरला गेला आणि तिथेच हरवला. माप आधी, यंत्र नंतर, ही गोष्ट मला फार आवडते. माणसाच्या खिशावरून यंत्र बेतलं.

कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद आणि चाल सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. रेकॉर्ड करताना हेड, म्हणजे टेपमधला पट्टीला टेकणारा छोटा धातूचा भाग, त्या थराला चुंबकीय करतं, वाजवताना तेच चुंबकत्व हेडसमोरून सरकतं आणि हेडच्या वेटोळ्यात अगदी बारीक विजेचा प्रवाह उठतो. तो वाढवला की गाणं.

फिलिप्सने हा आराखडा पुढे कोणत्याही कंपनीला फुकट वापरू दिला. जपानी कंपन्यांच्या, त्यातही सोनीच्या आग्रहामुळे हे घडलं. त्यामुळे कुठल्याही देशात भरलेली कॅसेट कुठल्याही टेपवर वाजायची. इतर कितीतरी प्रकार आले आणि बुडाले, हीच टिकली.

मग वॉकमनमध्ये असं नवीन काय होतं?

खरं सांगायचं तर नवीन घातलं काहीच नव्हतं, उलट काढून टाकलं होतं. सोनीचा पत्रकारांसाठीचा ‘प्रेसमन’ नावाचा छोटा रेकॉर्डर आधीपासून होता. कंपनीचे संस्थापक मासारू इबुका यांना विमानाच्या लांब प्रवासात गाणी ऐकायची होती. त्यांच्यासाठी इंजिनिअरांनी प्रेसमनमधली रेकॉर्डिंगची व्यवस्था काढली, स्पीकर काढला आणि स्टिरिओ आवाज हेडफोनमध्ये सोडला. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनी ते ऐकलं आणि हे विकायचंच असा हट्ट धरला. रेकॉर्ड न करणारा टेप कोण घेणार, अशी शंका कंपनीच्या आतच होती.

१ जुलै १९७९ ला जपानमध्ये ३३,००० येनला तो विक्रीला आला. मॉडेल टीपीएस-एलटू. निळा-चंदेरी, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. हेडफोन लावायला भोकं दोन होती, म्हणजे दोघांना एकत्र ऐकता यावं. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. एकट्याने कानात गाणी ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी मोरितांना काळजी होती, म्हणून ही सोय. दुसरं भोक आणि ते बटण पुढच्या मॉडेलांतून गेलं. लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं.

वॉकमनचं मूळ श्रेय मागणारे आंद्रेआस पावेल नावाचे एक गृहस्थ होते. कमरेला बांधायच्या अशाच यंत्राचं पेटंट त्यांनी १९७७ साली इटलीत मागितलं होतं. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आणि अखेर सोनीने त्यांच्याशी तडजोड केली.

जपानमध्ये कॅसेट वॉकमन बनवणं सोनीने २०१० साली थांबवलं.

आमच्या घरात वॉकमन आहे, पण त्यावर सोनीचं नाव नाही. नकली का?

नकली म्हणू नका. वॉकमन हे सोनीचं नाव, पण आपल्याकडे कमरेला लावायच्या प्रत्येक कॅसेट प्लेअरला तेच नाव पडलं. दुरुस्तीच्या टेबलावर मी नाव बघत नाही, मोटर आणि हेड बघतो. आतलं यंत्र चांगलं असलं की बिननावाचा सेटही झकास वाजतो.

कॅसेटच्या काळात सोलापुरात कसं होतं?

मी शाळेत होतो तेव्हा दुकानात एका बाजूला दुरुस्ती आणि दुसऱ्या बाजूला कॅसेटचं कपाट होतं. कपाटात पाच भाषांच्या फळ्या. मराठी, हिंदी, उर्दू कव्वाली, कन्नड आणि तेलुगू. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांची घरची बोली तेलुगू, अक्कलकोटकडून येणारे कन्नड बोलणारे, आणि सगळ्यांना हिंदी सिनेमाची गाणी हवीच. एवढ्या भाषा एका कपाटात मांडता आल्या त्या कॅसेटमुळे.

कारण असं की, ग्रामोफोनची तबकडी काढायला मोठा कारखाना लागतो. कॅसेटच्या प्रती काढायला एका खोलीत बसणारी यंत्रं पुरतात. त्यामुळे थोड्या लोकांनाच ऐकायची असलेली गाणीही विकायला परवडू लागली. भारूड, शाहिरी, तमाशातली वगनाट्यं, लग्नातली गाणी, एखाद्या गावच्या देवाची आरती. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरिज सुरू केली, कॅसेटचे भाव खाली आणले आणि पानाच्या, किराण्याच्या दुकानातूनही त्या विकल्या. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यावर प्रत्येक हॉटेलात वाजत असत, ती कॅसेटवरूनच.

कोरी कॅसेट घेऊन यायची, गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली न्यायची, हेही चालायचं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी अशा याद्यांची चळत लागायची. यादीवरून माणूस कळायचा. कुणाची सगळी गाणी विरहाची, तर कुणी एकच गाणं दोन्ही बाजूंना तीन-तीनदा भरून मागायचं.

मालक, गाणं जाड आवाजात चालतंय. मोटर गेली काय?

आधी सेल बदलून बघा. सेल उतरले की मोटर मंदावते आणि बाईचा आवाज पुरुषासारखा येतो. एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर चालवायचा अडॅप्टर, लावूनही तसंच असेल तर दहातले आठ वेळा बेल्ट सैल झालेला असतो. काळ्या रबराचा हा बेल्ट वर्षानुवर्षं न वाजवता पडून राहिला की ताणून बसतो किंवा डांबरासारखा वितळतो. वितळलेला बेल्ट हाताने काढू नका, तो काळा चिकटा कपड्याला लागला की निघत नाही.

आवाज एकसारखा जाड नसेल, लाटेसारखा वरखाली होत असेल, तर दोष रबरी रोलरचा. हा रोलर पट्टीला फिरत्या पोलादी दांडीवर दाबून धरतो. तो कडक झाला, त्याला खड्डा पडला की चाल डळमळते. टेप पट्टी खातो, गुंडाळून बसतो, तेही बहुतेक वेळा यानेच.

हेड घरी साफ करता येतं का?

येतं आणि करावंच. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीला ते थोडंसं लावून हेडचा चकचकीत भाग पुसा, काडीवर तपकिरी डाग येईल, तो पट्टीवरून निघालेला ऑक्साइडचा भुगा. डाग यायचा थांबेपर्यंत पुसा. पोलादी दांडीही पुसा. पाच-दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच कॅसेट घाला. हेडला पिन, ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर कधीही लावू नका. अत्तर, थिनर, रॉकेल हे चालत नाही. हे तिन्ही वापरलेले सेट माझ्याकडे आले आहेत.

मागाच्या शेडजवळ राहणाऱ्यांनी हे काम जास्त वेळा करावं. कापसाची पिंज हवेत तरंगत असते, ती हेडवर आणि रोलरच्या कण्यावर बसते. अशोक चौकाच्या पलीकडून येणारा सेट उघडला की आत पांढरी लव दिसतेच.

साठ मिनिटांची कॅसेट चांगली की नव्वदची?

जपायचं असेल तर साठची. साठमध्ये साधारण ८६ मीटर पट्टी असते, नव्वदमध्ये १२९ मीटर. तेवढ्याच डबीत जास्त लांबी बसवायची तर पट्टी पातळ करावी लागते. १२० ची तर इतकी पातळ की ती टेपमध्ये गुंतायला निमित्त लागत नाही.

सोलापूरच्या उन्हाचा कॅसेटवर परिणाम होतो का?

होतो, पण लोकांना वाटतं तसा नाही. पुण्या-कोकणातल्या कॅसेटला बुरशी खाते, पट्टीच्या रिळावर पांढरी ठिपक्यांची भुकटी दिसते. आपल्या कोरड्या हवेत ते कमी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. पट्टी ते सोसते. डबीचं प्लास्टिक वाकतं, आतल्या स्पंजचा किंवा नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तुकड्याचा गोंद सुटतो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलेली कॅसेट हमखास वेडीवाकडी होते.

कॅसेट आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात न ठेवता लाकडी खणात, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. स्पीकरच्या डोक्यावर ठेवू नका, त्यातल्या मोठ्या चुंबकाने आवाज पुसट होतो. वर्षातून एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. आणि महत्त्वाच्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जाणार नाही. पुन्हा रेकॉर्ड करायचंच झालं तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की झालं.

सीडीचा वॉकमन आपल्याकडे फारसा का दिसला नाही?

सीडी १९८२ साली आली आणि सोनीने १९८४ मध्ये ‘डी-५०’ नावाचा हातात धरायचा प्लेअर काढला. आवाज कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ, हवं ते गाणं एका बटणावर. पण १२ सेंटिमीटरची तबकडी शर्टाच्या खिशात बसत नाही, आणि लेसरचा किरण धक्क्याने जागा सोडतो. रिक्षात, एसटीत गाणं अडखळायचं. पुढे प्लेअर तबकडी आधीच वाचून काही सेकंदांचं गाणं आतल्या मेमरीत साठवून ठेवू लागले, म्हणजे धक्का बसला तरी तोवर साठ्यातलं वाजत राहतं. त्यात सेल जास्त खर्च व्हायचे. सोनीने १९९२ मध्ये मिनीडिस्कही काढली, ती आमच्या टेबलावर मोजून दोनदा आली.

एमपीथ्री म्हणजे नेमकं काय? गाणं लहान होतं म्हणजे कुठे जातं?

याचं उत्तर यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून देता येतं. माग चालू असताना शेजारचा माणूस बोलला तरी ऐकू येत नाही. त्याचा आवाज हवेत असतो, पण मोठ्या आवाजाखाली झाकला जातो. गाण्यातही हेच होतं. ढोलकीची थाप पडते त्या क्षणी जवळपास तेवढ्याच उंचीचा बारीक स्वर कान टिपत नाही. एमपीथ्री हे झाकलेले आवाज शोधतं आणि त्यांच्यावर जागा खर्च करत नाही.

आता हिशोब बघा. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं घेतलेली असतात, प्रत्येक माप १६ बिटचं, डावा-उजवा मिळून दोन पट. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, मिनिटाला साधारण १० एमबी. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १ लाख २८ हजार बिटच्या, एमपीथ्रीत तेच मिनिट १ एमबीत बसतं. हे काम मुख्यतः जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत झालं, कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं मोठं नाव. फाइलच्या नावापुढे ‘.एमपीथ्री’ लावायचं हे त्यांनी जुलै १९९५ मध्ये ठरवलं.

काढलेलं परत मात्र येत नाही. एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री करत गेलात तर झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा फसफसतो. भजनी मंडळांची रेकॉर्डिंग्ज अशी दहा हातांतून फिरून आलेली असतात, टाळ ऐकताच कळतं.

आयपॉड पहिला ना?

नाही. १९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आला, त्याच वर्षी अमेरिकेत ‘रिओ’. दोन्हींत ३२ एमबी जागा, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. रिओवर तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला आणि १९९९ मध्ये ती हरली. आपल्याजवळचं गाणं आपल्याच खिशातल्या यंत्रात घेणं कायदेशीर ठरलं, म्हणून पुढचं सगळं घडू शकलं.

ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला जाहीर झाला. तोशिबाची १.८ इंचाची छोटी हार्ड डिस्क आत, ५ जीबी जागा, हजार गाणी, ३९९ डॉलर. २००३ मध्ये त्यांनी ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली. शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये बंद झाला. सोलापुरात तो बघायला मिळाला तो बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलांच्या हातात. आपल्याकडे त्याची जागा साध्या एमपीथ्री प्लेअरने आणि लगेच मागोमाग मोबाइलने घेतली.

‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या होत्या, ती दुकानं कुठे गेली?

साधारण २००७-०८ पासून आठ-दहा वर्षं तो धंदा जोरात होता. सोनी एरिक्सनचे वॉकमन फोन, नोकियाचे एक्सप्रेसम्युझिक, मग स्वस्तातले दोन सिमचे मोठ्या आवाजाचे फोन. सर्वांत नखाएवढं कार्ड. दुकानदार ते रीडरमध्ये घालून फोल्डर ओढायचा, मराठी, तेलुगू, भक्ती, डीजे. कायद्याने ते चूकच होतं, गाणाऱ्याला त्यातून दमडी मिळत नव्हती. पण एक मानावं लागेल, आमच्या कॅसेटच्या यादीसारखंच तिथेही माणूस समोर उभा राहून आपली आवड सांगत असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि वर्ष-दोन वर्षांत त्या पाट्या उतरल्या.

ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी गायब झाली. परत मिळतील का?

ती तुमची नव्हतीच. ॲपमधलं डाउनलोड ही फाइल नसते, ऐकायची परवानगी असते. वर्गणी संपली किंवा ॲपचा आणि रेकॉर्ड कंपनीचा करार संपला की कुलूप लागतं. रोज नवीन ऐकायला ॲप उत्तम, मीही वापरतो. पण जी गाणी तुम्हाला म्हातारपणीही हवी आहेत ती विकत घेतलेल्या सीडीवर किंवा फाइलमध्ये स्वतःजवळ ठेवा.

मागावर आठ तास उभं राहताना कानात इयरफोन घालतो. काही होतं का?

होतं. हे उत्तर नीट वाचा, घरात कोणी मागावर जात असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असणं नेहमीचं आहे. त्यावर गाणं ऐकू यायचं तर ते त्याहून मोठं लावावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी, ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० ला आठवड्याचे चार तास उरतात. तुम्ही ते पहिल्या पाळीतच संपवता.

आधी बारीक आवाज जातात. घरी आल्यावर कानात सुं असा आवाज येतो, मग टीव्ही मोठा लागतो, मग नातवंडांचं बोलणं कळेनासं होतं. आतल्या कानातल्या त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. शेडमध्ये कानात फोमचे बोळे घाला किंवा कान झाकणारे मफ लावा. गाणी जेवणाच्या सुट्टीत बाहेर बसून ऐका. शांत जागी निम्म्या आवाजातही ती पुरतात.

इयरफोन वायरचा घ्यावा की ब्लूटूथचा?

रोजच्या प्रवासाला ब्लूटूथ सोयीचा. पण कानातल्या छोट्या गोळीची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती बदलण्यासारखी बनवलेलीच नसते. वायरच्या इयरफोनचा जॅक तुटला तर मी दहा मिनिटांत नवीन लावून देतो. शिवाय मोबाइलमधला एफएम रेडिओ वायर लावल्याशिवाय चालत नाही, कारण ती वायरच त्याची अँटेना असते.

वडील ८० वर्षांचे आहेत, मोबाइल जमत नाही. त्यांना काय घेऊ?

बटणं हाताला जाणवतील असं काहीतरी. रेडिओ, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड तिन्ही चालणारा छोटा सेट बऱ्याच घरांना पुरतो. वारीला जाणारे माळकरी असाच एक सेट गळ्यात अडकवून चालतात, त्यात अभंग आणि हरिपाठ भरलेला असतो. सारेगामाने २०१७ मध्ये काढलेला कारवां हाही चांगला पर्याय, जुन्या रेडिओसारखा दिसतो, हजारो गाणी आतच भरलेली. त्याची मराठी आवृत्तीही आहे.

घेताना एकच बघा, चार्जिंगची पिन जाड बोटांनी अंधारात लावता येते का. माझ्याकडे येणाऱ्या अशा सेटमध्ये सगळ्यात जास्त मोडलेली असते ती तीच.

कॅसेटमधला आवाज घरी काढता येईल का?

येईल. टेपच्या लाइन आउटमधून, ते नसेल तर हेडफोनच्या भोकातून, ३.५ मिलिमीटरची केबल कॉम्प्युटरच्या लाइन इनमध्ये लावा. मायक्रोफोनच्या भोकात लावलीत तर आवाज फाटतो. ऑडासिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. टेपचा आवाज मध्यावर ठेवा, पडद्यावरच्या लाटा वरच्या कडेला टेकू देऊ नका. आधी डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल बनवा, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. तासाला ६०० एमबीच्या आसपास जागा लागेल. ती मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून एमपीथ्री.

एक गोष्ट बहुतेकांकडून राहते. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो, तो हेडचा कोन ठरवतो. दुसऱ्या टेपवर भरलेली कॅसेट तुमच्या टेपवर घोंगडीतून बोलल्यासारखी येत असेल तर वाजत असताना तो स्क्रू अगदी थोडा, केसभर फिरवा. आवाज एकदम उघडतो. प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवायचा.

मोबाइल टेपसमोर धरून रेकॉर्ड केलं तर?

टेप उद्या बंद पडणार आणि दुसरा मिळणार नाही अशी वेळ असेल तरच. काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

आईच्या आवाजाची कॅसेट आहे, पण काही ऐकूच येत नाही. पुसली गेली असेल का?

लगेच हाय खाऊ नका. पूर्व भागातल्या एक काकू अशीच कॅसेट घेऊन आल्या होत्या. त्यांच्या सासूबाई नातवाला झोपवताना तेलुगूत गुणगुणत होत्या, ते कुणीतरी टू-इन-वनवर भरून ठेवलेलं. तीस वर्षांनी लावली तर नुसती खरखर आणि लांबून काहीतरी. मी डबी उजेडात धरली. मधल्या खिडकीत तांबूस पत्र्याची चपटी स्प्रिंग होती, तिच्यावरचा नमद्याचा तुकडा मात्र नव्हता. गोंद वाळून तो आत पडला होता. हा तुकडा पट्टीला हेडवर दाबून धरतो, तो नसला की पट्टी हेडपासून अंतरावरून सरकते आणि आवाज बुडतो. पट्टीवर सगळं शाबूत होतं. पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं जुन्या कोऱ्या कॅसेटच्या डबीत बसवली आणि पहिल्याच फेरीत आवाज आला.

मागून मागाची खडखड येत होती. मी चांगलं करायचं म्हणून ती सॉफ्टवेअरने काढली आणि ऐकवली. काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘‘माग कुठं गेला?’’ घरातले चारही माग विकून बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना दोन्ही फाइल दिल्या. तेव्हापासून न विचारता कुणाच्या रेकॉर्डिंगमधून काहीही काढत नाही.

तर तुमच्या कॅसेटमध्येही आधी तो नमदा बघा. पट्टी तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना आणि हेडला चिकटतो. स्क्रू नसलेली, चिकटवून बंद केलेली डबी घरी फोडू नका.

पेनड्राइव्हवर घेतलं म्हणजे कायमचं झालं ना?

नाही. पेनड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या भारावर टिकते आणि वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर तो भार झिरपून जातो. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडे ठेवा. फाइलला नाव द्या, कोण बोलतंय, कोणतं वर्ष, कोणतं घर. ‘ट्रॅक ०१’ नावाच्या फाइलमधली आजी कोणाची हे पुढच्या पिढीला कळत नाही. मूळ कॅसेटही फेकू नका.

दुकानात येताना काय घेऊन यावं?

कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत नको, डबीत किंवा सुती कापडात गुंडाळून आणा. पट्टी बाहेर लोंबत असेल तर पेन्सिलने गुंडाळायच्या आधी तिला पीळ पडला आहे का बघा, पडला असेल तर तशीच आणा. आणायच्या आधी ‘एकदा वाजवून बघू’ म्हणून घरच्या धूळ खात पडलेल्या टेपमध्ये घालू नका. ज्या टेपवर ती भरली होती तो बंद पडलेला का असेना, घरात असेल तर तोही आणा, त्याच्या हेडचा कोन त्या कॅसेटशी जुळलेला असतो. आणि आवाज कोणाचा आहे, कोणत्या भाषेतला आहे, ते काउंटरवर सांगा. चाल बरोबर लागली की नाही हे मला त्यावरूनच ठरवावं लागतं. जमलं तर तो आवाज ओळखणारं घरातलं एखादं माणूस सोबत आणा, तास-दीड तास बसायची तयारी ठेवून.